साराजेव्होतली गोळी आणि मुंबईहून सुटलेल्या बोटी

२०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि थोड्याच दिवसांत आपल्याकडे सूर्यफूल तेलाचा भाव भडकला. आमच्या वाण्याच्या दुकानात एक आजी पिशवी हातात धरून विचारत होत्या, "लढाई तिकडं, मग तेल इथं का महागलं?" वाणी म्हणाला, "वरूनच भाव वाढलाय, आजी." आजी अर्धा लिटर घेऊन गेल्या. त्यांना उत्तर मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर टीव्हीवरच्या तासाभराच्या चर्चेतही ते मिळत नाही. कोणाकडे किती रणगाडे, किती क्षेपणास्त्रं, हे तिथे कळतं. दोघांचं भांडण जगाचं कसं होतं, ते कळत नाही.

त्यासाठी मला १९१४ सालचे ऑगस्ट ते डिसेंबर हे पाच महिने सगळ्यांत उपयोगी वाटतात. युरोपच्या एका कोपऱ्यातला खून, आणि त्यानंतर पाच महिन्यांच्या आत मराठा पलटणीचे शिपाई इराकमधल्या बसऱ्यात उभे. मधल्या काळात काय घडलं हे एकेक कडी धरून पाहिलं, की युद्ध फक्त सैन्यातून पसरत नाही हे दिसतं. रेल्वे, हुंड्या, विमा, खत आणि तेल यांतूनही ते पसरतं, आणि पुष्कळदा सैन्य पोहोचायच्या आधी.

आधी ३७ दिवसांचा हिशोब

२८ जून १९१४, रविवार. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी साराजेव्हो शहरात उघड्या मोटारीतून जात होते. गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने दोघांना गोळ्या घातल्या. त्यानंतर जवळजवळ महिनाभर वरवर सगळं शांत होतं. आतून मात्र ५ आणि ६ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला कळवून टाकलं होतं, की सर्बियाचं काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. इतिहासकार याला 'कोरा चेक' म्हणतात.

२३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत देऊन निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरी २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. ३० तारखेला सर्बियाच्या पाठीराख्या रशियाने सगळं सैन्य गोळा करायचा हुकूम काढला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि त्याच रात्री ब्रिटन उतरलं. ब्रिटन उतरल्याबरोबर भारतही उतरला, कारण त्यासाठी भारतातल्या कोणाला विचारायची गरजच नव्हती.

खुनापासून इथपर्यंत ३७ दिवस. त्यातले पहिले २५ दिवस चालढकलीत गेले आणि शेवटच्या बारा दिवसांत सगळं कोसळलं. एवढी घाई कशासाठी झाली, हे नीट पाहायला हवं.

जमवाजमव म्हणजे नेमकं काय?

त्या काळी युरोपातले बडे देश सगळं सैन्य कायम छावणीत ठेवत नसत. तरुणांनी दोन-तीन वर्षं सक्तीची नोकरी करायची आणि घरी जायचं. युद्धाची वेळ आली की त्यांना परत बोलवायचं, गणवेश, बंदूक, घोडा द्यायचा आणि रेल्वेने सरहद्दीवर पोहोचवायचं. या सगळ्या प्रकाराला मोबिलायझेशन म्हणतात, आपण जमवाजमव म्हणू.

आषाढी वारी डोळ्यांसमोर आणा. तुलना फक्त व्यवस्थेची आहे. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, मुक्काम कुठे, टँकर कुठे उभे राहणार, घाटात बैलजोड्या कुठे बदलायच्या, हे सगळं ठरलेलं असतं. आता सासवडला पोहोचलेल्या लाखो माणसांना कोणी सांगितलं, की पंढरपूर रद्द, सगळे नाशिकला वळा, तर काय होईल? माणसं तीच असतील, पण पाणी, जेवण, तंबू सगळं भलत्याच वाटेवर राहील.

जर्मनीची जमवाजमव अशी होती, फक्त ती मिनिटांच्या हिशोबाने आखलेली होती. तिच्यासाठी सुमारे ११,००० आगगाड्यांचं वेळापत्रक तयार होतं. कोलोन शहरात ऱ्हाइन नदीवरच्या पुलावरून ऑगस्टमध्ये दर दहा मिनिटांना एक लष्करी गाडी जात होती.

जर्मनीची अडचण ही होती की एका अंगाला फ्रान्स आणि दुसऱ्या अंगाला रशिया. रशिया अवाढव्य, तिथे रेल्वे विरळ, त्यामुळे त्याचं सैन्य गोळा व्हायला जास्त आठवडे लागणार. म्हणून जर्मन सेनापतींनी ठरवून ठेवलं होतं: आधी सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं, मग गाड्या फिरवून रशियाकडे जायचं. फ्रान्सच्या सरहद्दीवर भक्कम किल्ले होते, म्हणून वाट बेल्जियममधून. याचा अर्थ असा, की रशियाने जमवाजमव सुरू केल्यावर वाया गेलेला प्रत्येक दिवस जर्मनीच्या त्या सहा आठवड्यांतून कमी होत होता. समोरचा गाड्या भरतोय म्हणून आपण भरायच्या, आपण भरतोय म्हणून त्याने. वाटाघाटीला लागणारा वेळ कोणाकडेच उरला नाही.

मग थांबवता आलंच नसतं का?

आलं असतं, असं मला वाटतं. प्रयत्नही झाले. जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस हे नात्यातले भाऊ. त्या आठवड्यात ते एकमेकांना इंग्रजीतून तारा करत होते, खाली सह्या 'विली' आणि 'निकी'. २९ जुलैच्या रात्री विलीची तार वाचून निकीने पूर्ण जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला होता. सेनापती आणि मंत्री दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे लागले, उशीर झाला तर देश बुडेल म्हणाले, आणि दुपारी त्याने पुन्हा होकार दिला.

बर्लिनमध्ये १ ऑगस्टच्या संध्याकाळी याहून विलक्षण प्रसंग घडला. लंडनहून जर्मन राजदूताची तार आली. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन बाजूला राहील, असा तिचा सूर होता. कैसर खूश झाला आणि सेनाप्रमुख मोल्टकेला म्हणाला, चला, सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्टके हादरला. लाखो माणसांचं सैन्य असं ऐन वेळी वळवता येत नाही, वळवलं तर खायला-प्यायला नसलेला हत्यारबंद जमाव हाती राहील, असं त्याचं म्हणणं पडलं. रात्रीपर्यंत लंडनची तार गैरसमजातून आली होती हे उघड झालं आणि गाड्या पश्चिमेकडेच गेल्या. युद्ध संपल्यावर जर्मन लष्करी रेल्वेच्याच एका अधिकाऱ्याने कागदावर मांडून दाखवलं, की गाड्या वळवणं शक्य होतं.

म्हणून वेळापत्रकाने युद्ध लादलं हे अर्धंच खरं आहे. ऑस्ट्रियाने सर्बियाला नमवायचं जाणूनबुजून ठरवलं होतं, जर्मनीने कोरा चेक जाणूनबुजून दिला होता, रशियानेही जोखीम कळत असताना पाऊल उचललं. माणसांनी निर्णय घेतले. वेळापत्रकामुळे ते बदलायला फुरसत राहिली नाही, एवढंच.

"पण करार होते म्हणूनच सगळे ओढले गेले ना?"

शाळेत आपण हेच लिहिलं: एकीकडे जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, दुसरीकडे ब्रिटन, फ्रान्स, रशिया, आणि करारांच्या साखळीने सगळे खेचले गेले. साखळी इतकी पक्की असती तर इटलीही उतरायला हवी होती. ती ऑगस्टच्या सुरुवातीलाच म्हणाली, आमचा करार बचावाचा आहे, हल्ला तुम्ही केलात, आम्ही तटस्थ. पुढच्या वर्षी ती चक्क विरुद्ध बाजूने लढली. ब्रिटनवर फ्रान्ससाठी लढायची लेखी सक्ती नव्हती. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९च्या करारात दिलेली होती, ती मोडली म्हणून ते उतरलं. समोरचा किनारा एका बलाढ्य शत्रूच्या हाती जाणं ब्रिटनला परवडणारं नव्हतं, हेही तितकंच खरं. करार कोणी पाळायचा आणि कोणी गुंडाळायचा, हे ज्याच्या त्याच्या हिताने ठरलं.

तोफा धडाडायच्या आधी बाजार बंद

ही कडी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी सगळ्यांत कमी बोललं जातं. लंडनचा शेअर बाजार ३१ जुलैला बंद झाला, म्हणजे ब्रिटन युद्धात उतरायच्या चार दिवस आधी. तो उघडला ४ जानेवारी १९१५ला. न्यूयॉर्कचा बाजारही त्याच दिवशी बंद झाला आणि शेअरचे व्यवहार डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबले. बँक ऑफ इंग्लंडने १ ऑगस्टला व्याजदर १० टक्क्यांवर नेला.

कारण समजायला आपली जुनी हुंडी आठवा. अमरावतीच्या व्यापाऱ्याने कापूस पाठवला, पैसे तीन महिन्यांनी मिळणार. तोवर तो हुंडी वटवून रोकड घेतो आणि पुढचा माल खरेदी करतो. १९१४मध्ये जगभरच्या व्यापाराच्या हुंड्या लंडनवर निघत. ब्राझीलची कॉफी हॅम्बुर्गला गेली तरी मधली हमी लंडनच्या पेढीची. त्या उन्हाळ्यात अशा सुमारे ३५ कोटी पौंडांच्या हुंड्या बाजारात फिरत होत्या. युद्ध होणार म्हटल्यावर जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन देणेकरी पैसे पाठवतील कसे? ते देत नाहीत म्हणजे हमी देणाऱ्या पेढ्या बुडणार, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका अडकणार. गावातल्या एका बड्या आडत्याने दुकान बंद केलं की पाचशे शेतकऱ्यांची पट्टी अडकते, तसं हे जगाच्या आकाराचं झालं. ब्रिटिश सरकारने बँकांची सुट्टी लांबवली, १ पौंड आणि १० शिलिंगच्या नोटा घाईघाईने छापल्या आणि अडकलेल्या हुंड्यांची हमी स्वतःच्या डोक्यावर घेतली, तेव्हा यंत्र पुन्हा हललं.

भारतात लोकांनी पोस्टाच्या बचत खात्यांतून पैसे काढायला रांगा लावल्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम हे आपल्या कापसाचे गिऱ्हाईक होते. ते एका झटक्यात तुटले, आणि वेचणीचा हंगाम तोंडावर असताना भाव घसरला. वऱ्हाडातल्या ज्या शेतकऱ्याने साराजेव्हो हे नावही ऐकलं नव्हतं, त्याच्यापर्यंत युद्ध असं पोहोचलं.

नामदार गोखले त्या वेळी प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये होते आणि दळणवळण तुटल्यामुळे तिथेच अडकून पडले. त्यांना भेटायला दक्षिण आफ्रिकेहून निघालेले गांधीजी ऑगस्टमध्ये लंडनला पोहोचले, तर ज्यांच्यासाठी आलो तेच इथे नाहीत, अशी त्यांची गत झाली.

"ख्रिसमसपर्यंत संपेल" हे चुकलं कुठे?

सुरुवातीला जर्मन बेत जमतोय असं वाटत होतं. बेल्जियममधल्या लीज शहराभोवतीचे किल्ले ४२ सेंटिमीटर तोंडाच्या प्रचंड तोफांनी फोडले गेले. लुव्हाँ गावातलं विद्यापीठाचं ग्रंथालय २५ ऑगस्टच्या रात्री जाळलं गेलं, दोन लाखांहून अधिक ग्रंथ राख झाले. २२ ऑगस्ट या एका दिवसात फ्रान्सचे सुमारे २७,००० सैनिक मारले गेले. पूर्वेला टॅननबर्गला रशियाचं एक अख्खं सैन्य वेढलं गेलं. रशियन अधिकारी बिनतारी यंत्रावर सांकेतिक भाषा न वापरता हुकूम देत होते आणि जर्मन ते ऐकत होते. तिथे ९०,०००हून जास्त रशियन कैद झाले.

मग सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पॅरिसजवळ मार्न नदीवर चाक अडलं. पॅरिसच्या टॅक्सींतून सैनिक आघाडीवर नेल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. टॅक्सी सुमारे सहाशे होत्या आणि माणसं काही हजार, त्यामुळे लढाई त्यांनी जिंकली असं नाही. खरं कारण साधं होतं. बेल्जियम ओलांडून आलेले जर्मन महिनाभर चालत होते, पायाला फोड, मागून येणारी भाकरी आणि दारूगोळा लांब राहिलेला. फ्रेंचांच्या पाठीशी मात्र त्यांची स्वतःची रेल्वे शाबूत होती. हल्ला करणारा पायी येत होता आणि अडवणारा आगगाडीने. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढची चार वर्षं समजतात. कुठेही भगदाड पाडलं तरी पायी पुढे जाणाऱ्याच्या आधी अडवणाऱ्याची कुमक गाडीने तिथे हजर.

त्यात मशीनगन आणि काटेरी तार. उघड्यावर उभं राहणं अशक्य झालं, म्हणून दोन्ही बाजूंनी जमिनीत शिरायला सुरुवात केली. नोव्हेंबरपर्यंत बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदकांची रांग तयार झाली. या रांगेच्या उत्तर टोकाला, ईप्र गावाजवळच्या चिखलात, हिंदुस्थानातून आलेले शिपाई होते. लाहोर डिव्हिजन २६ सप्टेंबरला मार्सेय बंदरात उतरली, अंगावर उन्हाळी खाकी. ३१ ऑक्टोबरला शिपाई खुदादाद खान याने जखमी अवस्थेत, सगळे साथीदार पडल्यावरही, मशीनगन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळवणारा तो पहिला हिंदी सैनिक.

युरियाची गोणी आणि तोफेची दारू

लांबलेल्या लढाईला दारूगोळा लागतो. कोणाकडेच तो नव्हता. फ्रान्सच्या सेनापतीने २० सप्टेंबरला कारखानदारांना बोलावून त्यांच्या मुख्य तोफेसाठी रोज एक लाख गोळ्यांची मागणी केली. मोटारी बनवणाऱ्या रेनॉला गोळे बनवायला सांगण्यात आलं.

जर्मनीची अडचण आणखी खोल होती. बंदुकीच्या आणि तोफेच्या दारूला नायट्रेट लागतं, म्हणजे नत्रयुक्त क्षार. आपण पिकाला युरिया देतो तो नत्रासाठीच. एकच नत्र पिकाला वाढवतं आणि तोफही उडवतं. त्या काळी जगाचं बहुतेक नायट्रेट दक्षिण अमेरिकेतल्या चिलीच्या वाळवंटातून खणून यायचं, त्याला चिलीचा सोरा म्हणत, आणि जर्मनी हे त्याचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केली, म्हणजे शत्रूच्या बंदरांकडे जाणारी जहाजं समुद्रातच अडवली, आणि सोरा बंद झाला. दारू करावी तर शेताला खत नाही, शेताला द्यावं तर दारू नाही.

जर्मनीला यातून वाट सापडली ती हवेत. फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करायची पद्धत शोधली होती आणि कार्ल बॉश याने ती कारखान्यात उतरवली. ओपाऊ गावातला कारखाना १९१३मध्ये सुरू झाला होता, खतासाठी. १९१४च्या शरद ऋतूत बॉशने सरकारला शब्द दिला की याच अमोनियापासून दारूला लागणारं नायट्रेट करून देऊ, आणि पुढच्या वर्षी ते सुरूही झालं. ही पद्धत नसती तर जर्मनी इतका काळ लढू शकला नसता, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे. आज आपल्या शेतावर पडणारा युरियाही त्याच पद्धतीच्या अमोनियातून येतो. युद्धाच्या बातमीबरोबर खताच्या भावाची बातमी का येते, याचं एक टोक इथे आहे.

ज्यांनी वर्गणी काढली होती त्यांची जहाजं

तुर्कस्तान, म्हणजे तेव्हाचं ऑटोमन साम्राज्य, ऑगस्टमध्ये युद्धात नव्हतं. त्याने ब्रिटनमध्ये दोन मोठ्या युद्धनौका बांधायला दिल्या होत्या. पैसे उभारायला लोकांकडून वर्गण्या काढल्या होत्या. नौका तयार झाल्या, खलाशी न्यायला आले, आणि ऑगस्ट उजाडताच ब्रिटनने दोन्ही नौका स्वतःसाठी ताब्यात घेतल्या. घामाचे पैसे देणाऱ्या लोकांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

भूमध्य समुद्रात 'गोबेन' आणि 'ब्रेस्लाऊ' या दोन जर्मन युद्धनौका ब्रिटिशांना चुकवत पळत होत्या. १० ऑगस्टला त्या तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत शिरल्या. जर्मनीने त्या तुर्कस्तानला 'विकल्याचं' जाहीर केलं. खलाशी जर्मनच राहिले, डोक्यावर तुर्की फेज टोपी आली. तुर्की नेत्यांनी जर्मनीशी गुप्त करार २ ऑगस्टलाच केला होता, पण उतरायचं की नाही यावर त्यांच्यात खल चालू होता. २९ ऑक्टोबरला या नौका असलेल्या तुर्की ताफ्याने काळ्या समुद्रातल्या ओडेसा आणि सेवास्तोपोल या रशियन बंदरांवर तोफा डागल्या आणि तो खल संपला.

आता वाण्याच्या दुकानातल्या आजींचा प्रश्न. काळ्या समुद्रातून बाहेर पडायला तुर्कस्तानमधली ती चिंचोळी वाट सोडून दुसरा मार्ग नाही. सप्टेंबर १९१४च्या अखेरीला ती बंद झाली आणि दक्षिण रशियाचा, म्हणजे आजच्या युक्रेनचा, गहू तिथेच कोंडला. २०२२मध्ये युद्धामुळे त्याच ओडेसाची वाट अडली आणि सूर्यफुलाचं तेल कोंडलं. १०८ वर्षांनी बंदर तेच होतं. बाजारात माल कमी आला की मागणारे तेवढेच राहतात आणि भाव चढतो, मग तुम्ही लढणाऱ्याच्या शेजारी राहत असा की चार हजार किलोमीटर दूर.

मद्रासवर पडलेले गोळे

चीनच्या किनाऱ्यावर त्सिंगताव हे जर्मनीचं ठाणं होतं. जपानला ते हवं होतं. ब्रिटनशी मैत्रीचा करार होताच, त्यामुळे २३ ऑगस्टला जपानने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ७ नोव्हेंबरला ठाणं घेतलं. तिथल्या जर्मन नौका आधीच पॅसिफिकमध्ये निसटल्या होत्या. त्यांच्यातली एक, 'एमडेन', कप्तान कार्ल फॉन म्युलरच्या हाताखाली एकटीच हिंदी महासागराकडे वळली.

२२ सप्टेंबरच्या रात्री साडेनऊच्या सुमारास एमडेन मद्राससमोर आली. किनाऱ्यावर दिवे नेहमीसारखे लागलेले. तिने प्रकाशझोत टाकला आणि बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर शंभराहून अधिक गोळे डागले. टाक्या पेटल्या, काही माणसं मेली, आणि ती काळोखात दिसेनाशी झाली. शहराचं नुकसान फार नव्हतं. परिणाम झाला तो भीतीचा. बंगालच्या उपसागरात जहाजं बंदराबाहेर पडेनात, विम्याचे दर चढले. लोक मद्रास सोडून जाऊ लागले. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी' नौकेने एमडेनला गाठून निकामी केलं. तमिळमध्ये धूर्त, बिलंदर माणसाला 'एमडेन' म्हणायची पद्धत मद्रासच्या त्या रात्रीपासून पडली.

विमा हा शब्द बातमीत आला की कंटाळून पान उलटू नका, एवढं मी कळकळीने सांगेन. बुडणारी जहाजं मोजकीच असतात. न बुडणाऱ्या प्रत्येक जहाजाचं भाडं विम्यामुळे चढतं, आणि ते मालाच्या किमतीत मिसळून आपल्यापर्यंत येतं.

मुंबई ते बसरा

१६ ऑक्टोबर १९१४. पुणे डिव्हिजनची, म्हणजे सहाव्या डिव्हिजनची, एक ब्रिगेड बोटीत बसून मुंबईहून निघाली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसं. लक्षात घ्या, त्या दिवशी तुर्कस्तान युद्धात नव्हतं. तरी २३ तारखेला बोटी बहारीनला पोहोचून उभ्या राहिल्या, उकाड्यात, वाट पाहत.

कशाची वाट? इराणच्या आखातात आबादान इथे तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर येत होतं, आणि ब्रिटनमध्ये कोळसा भरपूर असला तरी तेल नव्हतं. म्हणून आरमारमंत्री चर्चिलने पुढाकार घेऊन त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर सरकारला घ्यायला लावले. लंडनच्या संसदेत याला मंजुरी मिळाली १७ जून १९१४ला, साराजेव्होच्या अकरा दिवस आधी. आखातातल्या शेखांसमोर ब्रिटिशांचा दबदबा टिकवणं हेही कारण होतं, त्यामुळे सगळं तेलासाठी झालं असं मी म्हणणार नाही. पण तेल नसतं तर त्या बोटी इतक्या आधी निघाल्या असत्या असं वाटत नाही.

५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं. ६ तारखेला शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव इथे हे सैन्य उतरलं. मागून दुसरी ब्रिगेड आली, तिच्यात ११०वी मराठा पलटण. २२ नोव्हेंबरला बसरा ताब्यात आलं, ९ डिसेंबरला त्याच्या उत्तरेचं कुर्ना.

"पण आपली माणसं गेलीच का?"

हा प्रश्न मला शाळेतली मुलं विचारतात आणि तो विचारायलाच हवा. सैन्यात सक्ती नव्हती. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. कोरडवाहू, दगडाळ जमिनीच्या गावांत ती हमखास येणारी रोकड होती, आणि पलटणीत बाप-चुलत्यांची परंपराही होती. पैशासाठी गेले म्हणणं अपुरं, राजनिष्ठेने गेले म्हणणंही अपुरं. राजकीय पुढाऱ्यांचंही तसंच. टिळक मंडालेच्या तुरुंगातून जूनमध्येच सुटून आले होते, आणि ऑगस्टच्या अखेरीस लोकांनी या युद्धात सरकारला मदत करावी असं जाहीर पत्रक त्यांनी काढलं. मदतीच्या बदल्यात स्वराज्याच्या वाटेवर काही पदरात पडेल, अशी तेव्हा अनेकांची अपेक्षा होती. महार समाजाला मात्र ही ११ रुपयांची वाटही बंद होती. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती थांबवली होती. माणसं कमी पडू लागल्यावर, १९१७ साली, १११वी महार पलटण उभी राहिली.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात या युद्धाचा स्मृतिस्तंभ आहे. एका गावातली ४६ माणसं गेली. पुणे डिव्हिजन पुढे बगदादच्या दिशेने निघाली, अडली, कुत गावात वेढली गेली, आणि एप्रिल १९१६मध्ये उपासमारीने शरण आली. वेढ्यात मराठा पलटणी होत्या. कैदेत गेलेल्यांपैकी पुष्कळ परत आले नाहीत.

इराकमधल्या मृतांचं एक स्मारक बसऱ्यात आहे. १९९७मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेलं. त्यावर ४०,०००हून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं कोरलेली आहेत, अगदी साध्या शिपायाचंही. हिंदी पलटणींच्या फलकांवर अधिकाऱ्यांची नावं आहेत, सुभेदार-जमादारांचीही. त्यांच्याखाली हवालदार, नाईक आणि शिपायांसाठी, पलटणीच्या नावासमोर, फक्त आकडा आहे.